विसरलेल्या माउलीशीं खरें कसें बोलावें?

गेल्या उन्हाळ्यांत खेड्यांतील मंडळ्यांचा वार्षिक मेळावा आटोपल्यावर एका उपदेशकबंधूंनीं आम्हांस लिंबाच्या झाडाखालीं एका बाजूस नेलें आणि हळू आवाजांत एक प्रश्न विचारिला. त्यांच्या मातोश्रींचें वय ७८ वर्षांचें आहे. वडील निवर्तल्यास ११ वर्षें झालीं. परंतु गेलीं ३ वर्षें दिवेलागण झाली कीं, मातोश्री ओट्यावर येऊन बसतात, रस्त्याकडे टक लावितात आणि विचारितात, "अरं, तुझा बा अजून कसा आला न्हाई बाजारातून?" बंधूंनीं "बा गेला, आये, अकरा वर्सं झाली" असें सांगितलें कीं, ती वार्ता त्या माउलीस जणूं प्रथमच कळते. ती ऊर बडवून रडते, रात्रीं अन्नास शिवत नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं दिवे लागतांच पुनः तोच प्रश्न! उलट सूनबाई म्हणते, "येतील मामंजी आता, बाजार लांबला असंल," तेव्हां म्हातारी निवांतपणें भाकरी खाते.

"पाळकसाहेब," ते बंधु म्हणाले, "मी मुलांस शब्बाथशाळेंत खोटें बोलूं नका म्हणून शिकवितों, आणि माझ्याच घरांत रोज सायंकाळीं खोटें बोलल्यावांचून आई जेवीत नाहीं. मीं खरें बोलून आईला रोज नव्यानें विधवा करावी, कीं खोटें बोलून तिला दोन घास भरवावे?"

त्या वेळीं आम्हांस ह्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. आईबापांचा मान राखावा ही एक आज्ञा, आणि खोटी साक्ष देऊं नये ही दुसरी; त्या दोन आज्ञा त्या ओट्यावर एकमेकींशीं भांडत उभ्या आहेत असें आम्हांस दिसलें. पुढें आम्हीं ह्या विषयाचा विचार केला, कांहीं वाचिलें, जाणत्या डॉक्टरांस विचारिलें. तो विचार येथें मांडितों, कारण हा प्रश्न एकाच घरचा नाहीं.

प्रथम हा रोग काय आहे तें समजून घेऊं. खेड्यांत कोणी म्हणतो "साठी बुद्धि नाठी", कोणी म्हणतो म्हातारी चळली, कोणी बाहेरची बाधा समजून गंडेदोरे बांधितो, आणि आमच्याच मंडळ्यांत कोणी हें एखाद्या पापाचें फळ असावें असें कुजबुजतो. ह्यांतलें कांहींच खरें नाहीं. इ. स. १९०६ मध्यें आलोइस अल्झायमर नांवाच्या जर्मन डॉक्टरांनीं फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत पाहिलेल्या एका बाईची हकीकत विद्वानांच्या सभेपुढें मांडिली. ती १९०१ सालीं तेथें आली तेव्हां अवघी ५१ वर्षांची होती, आणि आपलें नांव लिहितां लिहितां तिला तें आठवेनासें होई. तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां मज्जापेशींच्या बाहेर सांचलेला मळ आणि पेशींच्या आंत गुंतलेले तंतु आढळून आले. ह्या रोगास त्यांचेंच नांव पडलें. स्मृतिभ्रंशाचा हा सर्वांत मोठा प्रकार होय. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा दुसरा प्रकार आहे, व आणखीही आहेत. तात्पर्य, ज्याप्रमाणें मोतीबिंदु हा डोळ्याचा रोग, त्याप्रमाणें हा मेंदूचा रोग आहे.

त्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नवी आठवण ज्या ठिकाणीं प्रथम सांठविली जाते, मेंदूचा तोच भाग अल्झायमरच्या रोगांत बहुधा आधीं बिघडतो. म्हणून काल काय घडलें तें पुसून जातें, आणि चाळीस वर्षांपूर्वींचें राहतें. आमच्या बंधूंच्या मातोश्रींस नवरा बाजारास जात असे हें आठवतें. तो वारला हें मात्र मनांत टिकत नाहीं. त्या हट्टानें विचारीत नाहींत. त्यांच्या लेखीं खरोखरच बाजाराचा दिवस आहे आणि सायंकाळ झाली आहे.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीप्रमाणें ६० वर्षांवरील दर १०० माणसांपैकीं ७.४ माणसांस स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशांत सुमारें ८८ लाख माणसें. शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. ज्या मंडळींत साठी ओलांडलेलीं ४० माणसें आहेत, तेथें सरासरीनें तिघांची ही स्थिति असावयाची. तीं तिघें उपासनेस दिसत नसलीं, तर तीं घराच्या आंतल्या खोलींत आहेत असें समजावें.

आतां औषधांविषयीं. आमच्या त्या बंधूंनीं दोन शेळ्या विकून बाजारांतल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून सहा डबे चूर्ण घेतलें होतें. "तीन महिन्यांत बुद्धि परत येईल" असें त्यानें छातीवर हात ठेवून सांगितलें होतें. सहा महिने झाले. शेळ्याही गेल्या आणि आईची स्थिति जशीच्या तशी! म्हणून येथें स्पष्ट बोलणें आम्हांस आपलें कर्तव्य वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, विसराळूपणा दिसतांच एकदां डॉक्टरांकडे जावें. विसरण्याचीं कांहीं कारणें बरीं होण्याजोगीं असतात: गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद होणें, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खोल उदासीनता, लघवींतील जंतुदोष, डोक्यास मार लागून आंत सांचलेलें रक्त, किंवा झोपेच्या वगैरे गोळ्यांचा परिणाम. म्हातारा दोन दिवसांत एकाएकीं बरळूं लागला तर तें वयाचें काम समजून स्वस्थ बसूं नये. तशा वेळीं त्वरेनें रुग्णालय गांठावें. कान व डोळेही तपासावे. ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास आपण पुष्कळदां विसराळू समजतों.

दुसरी गोष्ट, खऱ्या स्मृतिभ्रंशास मुळापासून बरें करील असें औषध आज कोणाजवळही नाहीं. ना डॉक्टरांजवळ, ना वैद्यांजवळ. डोनेपेझिल नांवाची गोळी १९९६ पासून दिली जात आहे. ती कांहींजणांस कांहीं काळ थोडा आधार देते. २०२३ व २०२४ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलीं लेकानेमॅब व डोनानेमॅब हीं औषधें रोगाच्या आरंभींच दिलीं तर त्याची चाल कांहींशी मंद करितात. परंतु गेलेलें परत आणीत नाहींत, आणि त्यांपासून मेंदूस सूज येण्याचें व रक्तस्राव होण्याचें भय असतें.

झाडपाल्याचेंही तसेंच आहे. चीन देशांतील गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क अमेरिकेंत ३,००० हून अधिक वृद्धांवर कित्येक वर्षें तपासून पाहण्यांत आला. २००८ सालीं निकाल निघाला कीं, त्यानें स्मृतिभ्रंश टळत नाहीं. हळदीचें नांव पुष्कळ घेतात. हरियाणांतील बल्लभगड भागाच्या खेड्यांतून केलेली एक पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली; तींत अमेरिकेंतील एका भागाच्या मानानें अल्झायमरचा रोग फार कमी आढळला, आणि कित्येकांनीं त्याचें श्रेय भाजींतल्या हळदीस दिलें. परंतु ज्यांस हा रोग जडला आहे त्यांस हळदीचें सत्त्व देऊन ज्या लहान चाचण्या झाल्या त्यांत गुण दिसला नाहीं. ब्राह्मी ह्या एकाच नांवानें दोन निरनिराळ्या वनस्पति विकल्या जातात. त्यांपैकीं पाणथळ जागीं वाढणाऱ्या ब्राह्मीच्या धडधाकट माणसांवर कांहीं लहान चाचण्या झाल्या असून त्यांत स्मरणशक्तीस किंचित् लाभ दिसला. पण जडलेला स्मृतिभ्रंश ती परतवून लावते असें सिद्ध झालेलें नाहीं. घरच्या भाजींत हळद घालावी, आईच्या डोक्यास तेल चोळावें. त्यांत नुकसान नाहीं, आणि मायेच्या हाताचा स्पर्श तिला सुखावतो. परंतु नांवगांव नसलेल्या डब्यापासून सांभाळून असावें. इंटरनेटवरून विकत घेतलेलीं १९३ आयुर्वेदिक औषधें अमेरिकेंत तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं सुमारें एक पंचमांश औषधांत शिसें, पारा किंवा सोमल निघाल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. शिसें तर मेंदूचेंच वैरी आहे.

त्या विक्रेत्याची गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली. तोही असत्यच बोलला, आणि सूनबाईही असत्यच बोलते. दोघांच्या असत्यांत कांहीं अंतर आहे काय? आमच्या प्रश्नाची किल्ली येथेंच आहे असें आम्हांस वाटतें. पण तिकडे वळण्यापूर्वीं आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे.

सेमिनरींतून बाहेर पडून आम्हांस एकच वर्ष झालें होतें. आमच्या पहिल्या मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. त्यांचा थोरला मुलगा विहिरीवरील मोटारीच्या विजेचा धक्का बसून वारला होता. आम्ही भेटीस गेलों कीं त्या विचारीत, "माझा ल्योक वाटंत दिसला का?" आम्हीं तरुणपणाच्या आवेशानें त्यांस सांगितलें कीं, तुमचा मुलगा मरण पावला आहे, आणि लागलेंच पुनरुत्थानाविषयीं चार शब्द समजावून सांगितले. त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणीच कसं सांगितलं न्हाई? त्याच्या मातीला तरी न्यायचं व्हतं मला." वस्तुतः मातीच्या दिवशीं त्या कबरेपाशीं उभ्या होत्या. पुढल्या महिन्यांत तोच प्रश्न, तेंच आमचें उत्तर, तोच आकांत. तिसऱ्या खेपेस त्यांची सून दारांत आडवी उभी राहिली व म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही खरं सांगून, प्रार्थना करून जाता. रात्र आमच्या वाट्याला येती."

तें वाक्य आम्ही आजवर विसरलों नाहीं. आमचा एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या घरांत आम्हीं कोणाचें भलें केलें? खरें सांगितल्याचें समाधान घेऊन आम्ही सायकलीवर बसून निघून येत असूं, आणि त्या समाधानाची किंमत एक वृद्धा व तिची सून रात्रभर भरीत असत.

हा प्रश्न आजचा नव्हे. हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन ह्यांनीं इ. स. ४२० च्या सुमारास असत्यभाषणाविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथांत जवळजवळ हाच दाखला घेतला आहे. एक मनुष्य प्राणसंकटांत पडला आहे. त्याचा एकुलता लाडका पुत्र वारला आहे, पण तें त्यास ठाऊक नाहीं. तो विचारितो, पुत्र जिवंत आहे काय? खरें सांगितलें तर त्या धक्क्यानें तो जाईल. अशा प्रसंगीं आपलें मनुष्याचें मन हेलावतें हें ऑगस्टीन मोकळेपणानें कबूल करितात. तथापि त्यांचा निर्णय असत्य न बोलण्याचाच आहे. त्यांस भय हें वाटतें कीं, दयेच्या नांवानें असत्यास एकदां दार उघडलें, कीं तें दार पुनः लागत नाहीं.

ह्या भयास आम्ही मान देतों. त्याचा प्रत्यय पुढें येईल. परंतु ऑगस्टीनांच्या रोग्यांत आणि आमच्या माउलींत एक मोठें अंतर आहे. तो रोगी वार्ता एकदां ऐकील, आणि जगला तर दिवसेंदिवस त्याचा शोक ओसरेल. शोक ओसरतो तो आठवणीच्याच साहाय्यानें. आज रडलेलें उद्यां आठवतें, म्हणून उद्यांचें रडणें थोडें हलकें होतें. वर्षश्राद्ध जवळ येतें तों मनुष्य दुःख उराशीं घेऊन कामास लागलेला असतो. जिच्यापाशीं वार्ता टिकतच नाहीं, तिला घाव तेवढा रोज मिळतो, खपली कधींच धरत नाहीं. म्हणून "एकदांचें सांगून टाकावें" हा नियम तिला लागू पडत नाहीं. तिच्यासाठीं "एकदां" असें कांहीं उरलेलेंच नाहीं.

तर मग "बाजार लांबला असंल" हें म्हणावें काय? येथें कोणी युक्ति काढील कीं, शब्दांत खोटें नसावें, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा. आपल्या भाषेंत अशा बोलण्यास "नरो वा कुंजरो वा" म्हणतात, आणि धर्मराजाचें नांव त्या एका वाक्यानें कायमचें डागळलें हें लहान मुलेंही जाणतात. शब्दांची चलाखी म्हणजे सत्य नव्हे.

पाश्चात्त्य देशांतील सेवकांपुढेंही हाच पेंच होता. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत टोपीका येथें डॉ. फोल्सम ह्यांनीं एक रीत सुरू केली: वृद्धांस आजचा वार, तारीख, ठिकाण वारंवार सांगावयाचें, फळ्यावर लिहून ठेवावयाचें. आरंभींच्या अवस्थेंत अशा फळ्याचा उपयोग होतो. पण "तुमचे आईबाप केव्हांच वारले" असें पदोपदीं सुधारूं लागलें कीं वृद्ध चिडत, रडत, किंवा गप्प होत. नाओमी फाइल (१९३२–२०२३) नांवाच्या बाईंचें लहानपण क्लीव्हलंड येथील वृद्धाश्रमांत गेलें, कारण त्यांचे आईबाप तेथील व्यवस्था पाहत. त्यांनीं ही सुधारण्याची रीत सोडून दिली आणि सांगितलें कीं, वृद्धाच्या शब्दांपेक्षां त्यांमागील भावनेस उत्तर द्यावें. वाद घालूं नये, आणि खोटेंही बोलूं नये, कारण मनाच्या खोल कोपऱ्यांत त्यांस खरें काय तें ठाऊक असतें. ह्या रीतीनें रोग हटतो असें कोणत्याही चाचणीनें सिद्ध झालेलें नाहीं, आणि आम्ही ती औषध म्हणून सांगतही नाहीं; ती बोलण्याची रीत आहे. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड (१९३७–१९९८) ह्यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, विसरणाऱ्या मनुष्यास रोग जेवढा खचवितो त्यांत भोंवतालच्यांचें वागणें भर घालितें: त्याच्या देखत त्याच्याविषयीं बोलणें, त्यास लहान मूल समजणें, घाई करणें, आणि फसवून आपल्या मनासारखें करून घेणें. हें सर्व बहुधा दुष्टपणानें होत नाहीं, असेंही ते म्हणतात.

ह्या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे. सत्य हें भिंतीवर मारलेला खिळा नव्हे. तें एका मनुष्यानें दुसऱ्यास द्यावयाचें देणें आहे. देणाऱ्यानें पाहिलें पाहिजे कीं, समोरचा काय मागत आहे. "तुझा बा कसा आला न्हाई?" असें ती माउली विचारिते तेव्हां ती मरणाचा दाखला मागत नाहीं. दिवस मावळला आहे, सावल्या लांबल्या आहेत, तिला भय वाटत आहे. ज्या माणसाच्या सोबतीनें ५० वर्षें अशी सायंकाळ निभावली तो तिला हवा आहे. ह्या मागणीचें खरें उत्तर "तो मेला" हें नव्हे, आणि "तो येतो आहे" हेंही नव्हे. "मी तुझ्याजवळ आहें" हें तिचें खरें उत्तर आहे.

आम्हीं त्या बंधूंस असें कळविलें. त्यांनीं ओट्यावर आईच्या शेजारीं बसून म्हणावें, "बाची वाट बघतीस व्हय, आये? बाजारातून बा तुला काय आणायचा गं?" दोन महिन्यांनीं त्यांचें पत्र आलें. पहिल्याच दिवशीं माउली म्हणाली, "गोडी शेव. बांगड्या म्हणशील तर कधी न्हाई आणल्या, लई चिक्कू माणूस," आणि ती हंसली. मग बंधूंनीं तिला हात धरून आंत नेलें, सूनबाईनें दिवा आधींच लाविला होता, आणि ती जेवली. दर पांच सायंकाळींत तीन सायंकाळीं हें साधतें, दोन सायंकाळीं साधत नाहीं, असें त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनीं लिहिली. एके रात्रीं माउलीनें त्यांचें मनगट धरून विचारिलें, "त्यो मेला का रं? मला खरं सांग." त्या वेळीं प्रश्न वेगळा होता, ती खरोखर वार्ताच मागत होती. बंधूंनीं म्हटलें, "व्हय, आये." ती वेळभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मला वाटलंच." दुसऱ्या दिवशीं तिनें कबरेकडे नेण्यास सांगितलें. तेथें तिनें बसून गवत उपटलें, दगड नीट लाविला. त्याच सायंकाळीं ती पुनः ओट्यावर येऊन वाट पाहूं लागली. तरी त्या रात्रीं मुलानें आईस खरें सांगितलें हें व्यर्थ गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यानें सत्य मागितलें त्यास तें मिळालें. तें त्याच्यापाशीं किती वेळ टिकलें हा हिशेब आपला नव्हे.

परंतु हीही रीत जेथें थकते असे प्रसंग येतात. मध्यरात्रीं म्हातारी दाराची कडी काढून रस्त्यावर निघते, ट्रक धांवत आहेत, आणि कांहीं केल्या ती मागें फिरत नाहीं. अशा वेळीं सुनेच्या तोंडून "मामंजी आज पाहुण्याच्या गावी मुक्कामाला राहिले, सकाळी येतील" असें निघालें, तर तिच्यावर धोंडा उचलण्यास आम्ही तयार नाहीं. तिनें एक जीव वांचविला. मात्र तिनें तें रोजचें शस्त्र करूं नये, आणि सकाळीं स्वतःस दोन प्रश्न विचारावे. हें मीं तिच्या भल्यासाठीं केलें, कीं माझ्या सोयीसाठीं? आणि तिला ह्या क्षणीं सर्व समजलें तर तिच्या डोळ्यांस डोळा देतांना मला लाज वाटेल काय?

ह्या दोन प्रश्नांनीं विक्रेत्याचें असत्य आणि सुनेचें असत्य लागलेंच वेगळें होतें. आणि आणखीही एक असत्य उघडें पडतें, ज्याविषयीं मंडळ्यांत मौन पाळण्यांत येतें. "आये, ह्यो पेन्शनचा कागद हाय, अंगठा दे" असें म्हणून विसरलेल्या आईकडून जमिनीच्या बक्षीसपत्रावर अंगठा उठवून घेणारे पुत्र आपल्यांत नाहींत काय? ज्या जिभेनें "बाजार लांबला असंल" म्हणावयाची संवय केली, त्याच जिभेस हें सोपें जातें. ऑगस्टीनांचें भय येथें खरें ठरतें. म्हणून दयेच्या असत्यासही आम्ही धर्म म्हणत नाहीं. फार तर तें थकलेल्या माणसाचें शेवटचें साधन म्हणतों.

आतां मंडळीचें कर्तव्य. घरांतील पुरुष ओट्यावर सत्यासत्याचा वाद घालितात, पण रात्रीं तीनदां उठून पातळ बदलते ती सून. ती सून गेल्या वर्षांत किती वेळां उपासनेस आली, हें वडिलांनीं मोजून पाहावें. आठवड्यांतून दोन तास कोणी तिच्या जागीं बसेल, तर बाजारांतल्या कोणत्याही डब्यापेक्षां त्याचा गुण अधिक येईल. तेथें जाणाऱ्यानें "मला ओळखलं का?" म्हणून परीक्षा घेऊं नये, आपलें नांव आपणच सांगावें. एका वेळीं एकच गोष्ट विचारावी. म्हातारीच्या हातीं सुपांत तांदूळ निवडावयास द्यावे. खडे राहिले तर मागाहून काढतां येतात. दिवस मावळण्यापूर्वींच दिवा लावावा, कारण संधिप्रकाशांतील सावल्यांनीं अशीं माणसें अधिक घाबरतात. पांच मिनिटें गाणें म्हणावें. संगीताविषयीं झालेल्या चाचण्या एकत्र तपासून २०१८ सालीं निष्कर्ष निघाला कीं, त्यानें स्मरण फारसें सुधारत नाहीं, पण उदासी कमी होते व वागण्यांतील त्रासही कांहींसा उतरतो. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मुलाचें नांव विसरलेल्या एका आजीबाई नारायण वामन टिळकांचें भजन सुरू होतांच शेवटच्या कडव्यापर्यंत चुकल्यावांचून म्हणत, आणि आम्हीच पुस्तकांत पाहत असूं.

तरुणांनींही ऐकावें. २०२४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यक नियतकालिकाच्या समितीनें १४ कारणें सांगितलीं. तीं दूर झालीं तर जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल असा तिचा अंदाज आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, बहिरेपणा, अधू दृष्टि, अपुरें शिक्षण, आणि एकटेपणा हीं त्यांपैकीं होत. एकटेपणा त्या यादींत आहे हें विशेष ध्यानांत घ्यावें. त्यावरचें औषध कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. जेथें जवळ कोणी जाणता नसेल त्यांनीं ज्येष्ठांसाठीं असलेल्या १४५६७ ह्या सरकारी दूरध्वनीवर विचारावें. त्यास पैसे पडत नाहींत.

त्या उपदेशकबंधूंचें गांव आमच्या ठिकाणाहून दूर आहे, परंतु अशी माउली प्रत्येक वाचकाच्या गांवीं आहे. तिच्या घरीं दिवेलागणीस ओट्यावर तिच्या शेजारीं कोण बसेल, हें येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर, पायांत वाहणा घालण्यापूर्वीं, ठरवून घ्यावें.